शेगडीच्या टाकीवर चालणारी व्हॅन

पेट्रोल परवडेना म्हणून ह्यांनी व्हॅनला घरातलीच एक गॅसची टाकी जोडली. नणंदेला पाहायला येणाऱ्यांना मंचरहून आणायला निघाले, तर अंगणातच इंजिन आचके देत मिसिंग मारू लागलं.

"प्लग गेलं, राव!" शेजारचे भाऊजी म्हणाले. दोघा इंजिनिअरांनी प्लग घासले, वायरी उपटल्या. माझी शेगडी फडफडली की मी आधी टाकी हलवून बघते. पण पुरुषांच्यात मी कशाला बोलू?

शेवटी ह्यांनी टाकी उचलली. "च्यायला, रिकामीच की!"

एवढा शोध लावून हे आत आले आणि भाजत्या रव्याखालची टाकी काढून घेऊन गेले. चूल पेटेपर्यंत पाहुणे दारात. शिरा नणंदेनं केला, असं सांगायचं ठरलं होतं. तो कच्चा लागल्यावर हे हसून म्हणाले, "शिरा हिनं केलाय. हिला गॅसचं काय कळत न्हाई."