गोडोबाचा उजवा हात

बातमी आली तेव्हा मी दिंद्रुडच्या बसथांब्यावर उभा होतो. भाचीकडं जेवून वडवणीला परत निघालो होतो. फोन युनूसचा होता. युनूस म्हणजे माझ्या बालमित्राच्या, रशीदच्या गाद्यांच्या दुकानाशेजारी फळांचा गाडा लावणारा. "मास्तर, रशीदभाई गेले," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं?" युनूस म्हणाला, "मास्तर... ऐका ना. गेले." तरीही मला उलगडा झाला नव्हता. सकाळीच रशीदचा फोन येऊन गेला होता. "भाचीकडं नुसता हादडून येऊ नको बे, येताना पेढे आण," असं बजावून त्यानं फोन ठेवला होता. पेढ्यांचा पुडा माझ्या पिशवीत होता. ज्याच्यासाठी पेढे घेतले तो माणूस जातो म्हणजे काय, हे मला त्या थांब्यावर काही केल्या समजेना.

दुकानात पोचलो तर शिवता शिवता ठेवलेली गादी तशीच पसरलेली होती. चौथ्या कोपऱ्यापाशी मोठी सुई अर्धी आत, अर्धी बाहेर. तिच्यातला दोरा सरळ ताणलेला. चष्मा घडी घालून बाजूला ठेवलेला, चहाच्या कपावर बशी झाकलेली. युनूस सांगत होता की डोळे दुखतात म्हणून त्यानं चष्मा काढला, जरा टेकतो म्हणाला आणि कापसाच्या ढिगावर टेकला. मी त्या सुईकडंच बघत राहिलो. कुणीतरी ती काढायला हात पुढं केला आणि मी एवढ्या जोरात "राहू द्या" म्हणालो की दुकानातले सगळे माझ्याकडं बघायला लागले.

त्याची एकुलती एक लेक नसरीन पुण्याला असते. तिच्यासाठी थांबायचं ठरलं होतं, पण दिवस भर उन्हाळ्याचे, आणि तिची गाडी वाटेत कुठंतरी बंद पडलेली. जाणत्या लोकांनी शेवटी दफन उरकायचं ठरवलं. ती पोचली तेव्हा आम्ही कब्रस्तानातून परत येत होतो. तिनं गर्दीतून मला शोधलं, माझ्यासमोर उभी राहिली आणि कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "चाचा, लहानपणीचा त्यांच्यासोबतचा एक फोटो नाही माझ्याकडं. कारखान्याच्या मेळाव्याला सगळ्या पोरींचे अब्बा त्यांच्याशेजारी उभे असायचे. माझे कधी आले नाहीत. आणि आता शेवटचं तोंडही दिसलं नाही."

रशीदच्या जाण्यानं मी हादरलो होतोच, पण हे ऐकून मी गारठलो. म्हणजे हिला माहीत नव्हतं! आख्ख्या वडवणीला माहीत असलेली गोष्ट हिला कुणी सांगितलीच नव्हती, कारण आम्हा प्रत्येकाला वाटत होतं की हिला तर माहीत असणारच. आजूबाजूला बायका रडत होत्या, लोक तिला आत नेत होते. ते सांगायचं तसंच राहून गेलं.

ती गोष्ट अशी. आमच्या भागात तेव्हा सहकारी साखर कारखाना जोरात होता आणि मी कारखान्याच्या शाळेत शिक्षक होतो. चेअरमनसाहेब एकदा परदेशी अभ्यासदौऱ्यावर जाऊन आले. साखरेचं तिथं काय पाहिलं हे त्यांनी फारसं कुणाला सांगितलं नाही. मात्र लहान मुलांसाठी तिथं एक अजब बाग आहे, तिच्यात मोठाल्या डोक्यांचे प्राणी हिंडतात, पोरं त्यांना मिठ्या मारतात आणि आईबाप फोटो काढतात, हे ते जो भेटेल त्याला सांगत सुटले. आपल्या सभासद मेळाव्यालाही असं काहीतरी पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. मग मला बोलावणं आलं. मी रशीदला सोबत नेलं, कारण कापूस आणि कापड यांतलं कळणारा माझ्या ओळखीतला तोच होता. पिढीजात पिंजारी, माझ्यासोबत चौथीपर्यंत शिकलेला. साहेबांनी पाकिटातून एक रंगीत फोटो काढून पुढं ठेवला. फोटो त्यांनी स्वतःच काढलेला होता, त्यामुळं त्यात एक गोरं पोर हसताना दिसत होतं, प्राण्याचं गोल पोट दिसत होतं, पांढऱ्या हातमोज्यातला हातही दिसत होता. फक्त डोकं वरच्या वर कापलं गेलं होतं.

"साहेब, याला मुंडकं कुठंय?" रशीदनं विचारलं.

"अरे, होतं की! हे एवढं मोठं. कान असे."

"असे म्हणजे कसे? सशाचे का बैलाचे?"

"कानासारखे कान रे," साहेब वैतागून म्हणाले. "मास्तर, तुम्ही सांगा ह्याला."

डोकं अखेर रशीदनं आपल्या मनानंच घडवलं. टोपली विणतात तशी कामट्यांची कवटी, तिच्यावर कापसाची गादी, वरून तपकिरी मखमल. कान उभे राहीनात, तर ते लोंबतेच ठेवले. मेळाव्याच्या मंडपात ते ध्यान पहिल्यांदा आलं तेव्हा बाप्यांमध्ये वादच पेटला. "अस्वल हाय." "ह्या! रेडकू हाय ते." "अरे, कान बघा की, गाढव हाय." साखर कारखान्याचं म्हणून साहेबांनी त्याचं नाव ठेवलं गोडोबा. आणि आत शिरायला दुसरं कुणी तयार होईना, म्हणून रशीदच आत शिरला.

गोडोबानं बोलायचं नाही, हा नियम होता. त्याला दिसायचंही जवळजवळ नाही. तोंडाच्या जागी जाळी होती, तिच्यातून फक्त पायापुढची हातभर जमीन दिसे. म्हणून त्याच्या डाव्या बाजूला मी. त्याचा हात माझ्या कोपराला, आणि मी हळूच सांगत राहायचं, "खड्डा आहे... दोरी आहे, वाक... पोरगं आलं बघ समोरून." कारखान्याचा फोटोवाला मागोमाग असायचा. त्या काळी आमच्याकडं लहान मुलाचा फोटो म्हणजे अप्रूप. नवे कपडे घालून, काजळ-पावडर लावून पोरं रांगेत उभी राहत. काही हसत, काही भोकाड पसरत, काही गोडोबाच्या पोटात बोट खुपसून बघत. त्यातले फोटो अजूनही किती घरांत आहेत! आज स्वतः आजोबा होत आलेली माणसं ते दाखवतात. कडा पिवळ्या पडल्यात, पोरांचे चेहरे पुसट झालेत, पण ते लोंबत्या कानांचं डोकं शाबूत आहे. मेळावा संपल्यावर गोदामात मी त्याचं डोकं उतरवायचो. रशीद घामानं निथळत बाहेर यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "मास्तर, पोरं लई जड झालीत बे यंदा."

नसरीन तेव्हा चार-पाच वर्षांची होती. घरी येऊन ती बापालाच गोडोबाच्या गोष्टी सांगायची. "अब्बा, आज गोडोबानं माझी वेणी ओढली." "अच्छा? फिर तूने क्या किया?" असं विचारत तो सगळं ऐकून घ्यायचा. मी एकदा म्हणालो, सांगून टाक की तिला. तर म्हणाला, "कावून? दोन-दोन बाप हायेत तिला सध्या. एक कमी कशाला करू?" घरात हा विषय निघू नये याला दुसरंही कारण होतं. त्याच्या सासऱ्यांना जावयानं जनावराचं सोंग घेणं अजिबात पसंत नव्हतं, आणि बायको शांत स्वभावाची, वाद नको म्हणणारी. पुढं ती लवकर गेली. नसरीनला शिकायला मामांनी परळीला नेलं आणि ही गोष्ट तिच्यापर्यंत पोचायचे घरचा आणि गावचा असे दोन्ही रस्ते बंद झाले.

नाव गोडोबा ठेवल्यामुळं एक भलतीच गोष्ट झाली. साहेबांना ते नाव गमतीचं वाटलं होतं, पण वाडी-वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना म्हसोबा, खंडोबा ऐकायची सवय. त्यांच्या लेखी कारखान्यानं नवा देव बसवला होता. एका मेळाव्यात एक म्हातारी नारळ घेऊन पुढं आली. गोडोबाच्या पोटाला तिनं हळदीकुंकू लावलं आणि लोटांगण घातलं. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. "गोडोबा, पाऊस पाड रे बाबा. जनावरं हंबरत्यात. पाडशील न्हवं?" मी रशीदच्या कोपराला चिमटा काढत होतो, चल पुढं म्हणून. तो हलेना. मग ते भलं मोठं डोकं दोनदा खाली-वर झालं. म्हातारी डोळे पुसत निघून गेली.

गोदामात डोकं उतरवल्यावर त्याचं ते ठरलेलं वाक्य आलं नाही. म्हणाला, "मास्तर, मी हो म्हणून बसलो रे तिला."

"मग काय करणार होतास? ती मनातनं मागत होती."

"तेच ना. मी कोण हो म्हणणारा? आता पडला न्हाई तर?"

नाही पडला. त्या वर्षी नाही, आणि पुढच्या वर्षीही आभाळ कोरडंच गेलं. ऊस जळाला, कारखान्याच्या चिमणीतून धूर निघाला नाही, मेळावा रद्द झाला. कारखान्याच्या मोकळ्या आवारात गुरांची छावणी उघडली. गुरांबरोबर माणसंही तिथंच राहायला आली, त्यांची पोरंही. गाद्या कोण शिवून घेणार? रशीद छावणीत चारा वाटायच्या कामाला लागला. नसरीनही त्याच्याबरोबर तिथंच दिवसभर असायची. ती नारळवाली म्हातारीही आपली गाय घेऊन आली होती. तिनं गोडोबाची तक्रार कुणाकडंच केली नाही. रशीदला मात्र तिच्यासमोर चाऱ्याची पेंढी टाकताना मान वर करवत नसे.

एके दिवशी सकाळी तो शाळेत आला. "मास्तर, चल. गोदाम उघडायचंय." साहेबांनी सांगितलंय का, असं मी विचारलं. "साहेबांचं काय हाय त्याच्यात? पोरं नुसती शेणात बसून ऱ्हातेत दिवसभर. पाऊस न्हाई देता येत मला. एवढं तर येतं." त्या उन्हात, त्या धुरळ्यात तो मखमलीच्या आत शिरला. मी त्याच्या डाव्या बाजूला. आम्ही दावणींमधून चाललो आणि पोरांचा असा काही कल्ला उठला की बिथरलेल्या गुरांनी खुंटे हलवले. फोटोवाल्याच्या कॅमेऱ्यात थोडी फिल्म उरली होती, तोही आला. त्यानंतर लवकरच गोडोबा गोदामात गेला तो कायमचा. कारखानाही पुढं बंद पडला. डोकं तेवढं रशीदनं आणून दुकानाच्या माळ्यावर ठेवलं.

चाळिसावा दिवस झाल्यावर नसरीन दुकान रिकामं करायला आली तेव्हा तिनं मला बोलावून घेतलं. माळ्यावरून खाली आलेलं ते डोकं गाद्यांच्या मध्ये ठेवलेलं होतं. मखमल झिजलेली, एका कानातला कापूस बाहेर आलेला. "हे आपल्याकडं कसं, चाचा?" तिनं विचारलं. "कारखान्यातनं विकत घेतलं का अब्बांनी?"

मी सांगितलं. तयारी करून गेलो होतो, तरी नीट सांगता आलं नाही. मध्येच साहेबांचा डोकं कापलेला फोटो आला, मध्येच ती म्हातारी. नसरीन ऐकत होती आणि मान हलवत होती. "नाही," ती म्हणाली. "नाही चाचा. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय." तिला राग आला होता. तिनं पर्समधून एक फोटो काढून माझ्यासमोर आपटला. "हा बघा. हा एकच आहे माझ्याकडं. छावणीतला. यात कुठं आहेत ते?"

फोटो मी चष्म्याजवळ नेला. मागं गुरांच्या पाठी, धुरळा. मध्ये गोडोबा वाकलेला. त्याच्यासमोर फ्रॉकमधली नसरीन, गालांवर ओघळ. मग मला दिसलं. गोडोबाच्या डाव्या हातात पांढरा हातमोजा होता. उजवा हात उघडा होता. फोटोच्या अगदी कडेला कुणाची तरी बाही आणि तिच्या टोकाला लोंबणारा रिकामा हातमोजा. ती बाही माझी होती. त्या दिवशी एक गाय दावं तोडून आमच्या दिशेनं आली, मी तिला हाकलायला वळलो आणि तेवढ्यात माझ्या हातात काहीतरी कोंबलं गेलं, हे मला आत्ता आठवत होतं. कशाला, ते मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. इतक्या वर्षांत हजारदा आम्ही शेजारी बसून चहा प्यायलो, आणि विचारलं नव्हतं.

मी फोटो नसरीनच्या हातात परत दिला आणि अंगठ्याकडं बोट दाखवलं. लहानपणी पिंजण्याच्या यंत्रात सापडून रशीदच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. ते पुढं तसंच वाढत राहिलं. वडवणीत तसा अंगठा दुसऱ्या कुणाचा नव्हता.

बाहेर युनूस कुणाशी तरी कलिंगडावरून घासाघीस करत होता. मग तिनं आपला अंगठा फोटोतल्या त्या अंगठ्याशेजारी ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "चाचा... सगळी पोरं वर डोक्याकडं बघतात ना फोटोत?"

"हो. सगळीच."

"मी बघत नाहीये."

खरंच, ती वर बघत नव्हती. त्या एवढ्या मोठ्या, लोंबत्या कानांच्या डोक्याकडं तिचं लक्षच नव्हतं. तिनं त्या उघड्या हाताचं एक बोट मुठीत घट्ट धरलं होतं आणि ती त्या हाताकडं बघत होती. रडणं थांबलेलं होतं.

गोडोबाचं डोकं तिनं पुण्याला नेलं. कोपऱ्याला सुई अडकलेली गादीही नेली, सुई न काढता. टेम्पोत सगळं चढवून झाल्यावर ती दुकानातून बाहेर निघाली. फोटो छातीशी धरलेला, डोळे इतके भरलेले की तिला समोरचं काही दिसत नव्हतं. मी तिच्या डाव्या बाजूला गेलो आणि तिचं कोपर धरलं.

"पायरी आहे," मी म्हणालो. "आता खड्डा. सावकाश."