पेटी बंद करायला कोणी सांगितलं

आमच्यात माती द्यायच्या आधी पेटी उघडी ठेवतात. सगळी लेकरं येऊन चेहरा बघतात, मगच झाकण बसतं. आई गेली तेव्हा शिरूरच्या चर्चच्या अंगणात सगळे खोळंबले होते ते एकट्या अक्कासाठी. माझी थोरली बहीण, दौंडहून यायची होती. गाळपाचे दिवस, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. ऊन डोक्यावर आलं आणि दाजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, मला फोन आला. आमचं आज जमत नाही, थांबू नका, उरकून घ्या. मी फोन ठेवला आणि म्हणाले, बंद करा पेटी.

दुपारी अक्का एकटीच एसटीनं आली, ती थेट ओल्या मातीपाशी. दाजींनी तिला न विचारताच फोन केला होता, हे तिला आलेलं बघून मला कळलं. तिला मात्र लोकांनी सांगितलं, धाकटीनं बंद करायला लावली. तिनं माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि आली तशी परत गेली. दाजींचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. बहिणीच्या संसारात काडी टाकायची नव्हती मला.

पुढं कित्येक वर्षं तिनं माझा फोन उचलला नाही. लेकीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा टपालानं पाठवली. मी काही गरीब गाय नाही. घरात भांडी आदळून राग काढायचे, पण तोंड उघडलं नाही, आणि त्याचा मला मनातून जरा गर्वच होता.

यंदा प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांना भाकर वाटतात त्या, रविवारी मी दौंडला तिच्या चर्चमध्ये जाऊन बसले. तिथल्या पाळकांची एक रीत आहे. भाकर मोडण्याआधी ते थांबतात आणि म्हणतात, ज्यांचं आपसांत बिनसलंय त्यांनी बाहेर जाऊन मिटवून यावं, तोवर मंडळी गाणं म्हणेल. सहसा कोणी उठत नाही. मी उठले आणि अक्काच्या बाकापाशी जाऊन उभी राहिले. सगळं चर्च बघतंय आणि ती जागची हलेना. पुरुषांच्या बाजूला दाजी गीतांच्या पुस्तकात डोकं खुपसून बसले होते. पहिलं कडवं संपलं तेव्हा कुठं ती उठली.

बाहेर लिंबाखाली उभ्या राहिलो. चूक आपल्या माथी घ्यायची आणि मोकळं व्हायचं, असं मी ठरवूनच आले होते.

"अक्का, चुकलं माझं. तुझ्यासाठी थांबायला पायजे हुतं."

"खोटं बोलू नगंस. फोन ह्यांनी केल्ता. त्याच राती त्यांनी मला सांगितलं."

मग इतकी वर्षं मला कशाची शिक्षा, असं मी विचारलं. ती खाली बघत होती.

"त्यांच्यावर राग धरला असता तर राहायचं कुठं? म्हून तुझ्यावर धरला. तू कुठं जात न्हाईस, म्हाईत हुतं मला."

चूक नसताना माफी मागायला मी तयार होते. आता खरोखर माफ करायची वेळ आली, तर मला तिचं तोंड बघवेना. आत गाणं संपलं. सगळे आमच्यासाठी थांबले होते, आणि या मनानं मला भाकरीला हात लावता येणार नव्हता. मी फाटकाकडं वळले. तिनं माझा दंड धरला.

"जाऊ नगंस. साठलंय तेवढं बोल. मी हालत न्हाई."

मी बोलले. देवाच्या दारात शिव्यासुद्धा दिल्या. आत पाळकांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावलं. अक्का मान खाली घालून ऐकत राहिली. शेवटी माझा आवाज बसला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आईचा चेहरा कसा हुता, तेवढं सांग."

चेहरा बघितलेले खूप होते, पण इतकी वर्षं हे विचारावं असं तिला माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. मी तिचा हात धरला आणि सांगायला लागले.