वहिनीचं वाचन
आमसुलांचा डबा उघडला की मला वहिनीचा दमलेला आवाज आठवतो. मी आंधळा, बी.ए.ला बसलेलो, भाऊ मुंबईत नोकरीला. दुपारी पडवीत आमसुलांसाठी रतांबे फोडता फोडता, समोर पाटावर पुस्तक उघडून ती मला वाचून दाखवी आणि मी ते ब्रेलमध्ये उतरवून घेई. शब्द नीट कळला नाही की मी म्हणायचो, "एकेक अक्षर सांग." "सांगत्ये हो, भावोजी." एकदा शब्दाच्या मध्येच ती थांबली. "पुढे?" मी खेकसलो. चाचपून पाहिलं, तर बसल्या बसल्या झोपलेली. आंबट रसाने सालं निघालेला हात रतांब्यांतच. परीक्षा चार दिवसांवर होती. मी तिला हलवून उठवलं. आता संगणक एकेक अक्षर बोलून दाखवतो, कितीदाही विचारा, दमत नाही. तरी मी एकदाच विचारतो.