शेळ्यांचं औषध
काल केजच्या बाजारात जनावरांच्या औषधांच्या दुकानापुढून गेले आणि त्या उग्र, रॉकेलसारख्या वासानं मी जागीच थांबले. काही वर्षांपूर्वी मी आरोग्य खात्यात होते; घाटनांदूरजवळच्या माळावर तेव्हा गुडघाभर गवत होतं, आणि शेळ्या चारणाऱ्या बायकांना मी गोचिडीच्या तापाचं पत्रक ठणकावून वाचून दाखवलं होतं: अंगभर कपडे घाला, घरी गेल्यावर लेकरांच्या कानामागं, काखेत गोचिडी बघा, माळावर जाताना अंगाला औषध लावा. दुसऱ्या दिवशी परत गेले, तर बाभळीखाली एक आई आपल्या तीन वर्षांच्या पोरीला गदागदा हलवत होती. पोरीनं मान टाकली होती, तोंडातून लाळ गळत होती आणि अंगाला हाच वास. "काय लावलं हिला?" मी ओरडले. "शेळ्यांच्या गोचिडीचं. तुमीच म्हणलात की ताई, औषध लावा म्हून. लई जालीम हाय ते!" मी पोरीचे कपडे काढले, साबण लावून घागरभर पाण्यानं धुतली आणि आमच्या जीपमध्ये दवाखान्यापर्यंत तिच्या छातीवर हात ठेवून बसले. "कावून रडता ताई?" आई म्हणाली, "तुमी हाईत की संगं." पोरगी वाचली. कोणतं औषध, एवढं लिहायची अक्कल नसलेला तो शहाणा कोण, म्हणून कुणावर ओरडू? मजकूर माझाच होता. उरलेली पत्रकं मी चुलीत घातली. वाटलेली मात्र अजून कुणाकुणाच्या घरात जपून ठेवलेली असतील.