राखीव मळ्यातलं पाणी

आज आमच्या भासऱ्यांची पुण्यतिथी, आणि मला त्यांच्याबद्दल एकही गोड शब्द सुचत नाही.

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. मी नव्वदी ओलांडून बसलेय. नात टाइप करतेय, शब्द माझे. तिनं मधेच साखर पेरली तर फोन हिसकावून घेईन.

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर त्यांचा फोटो फिरतोय. हार, उदबत्ती, पुढ्यात विडा. खाली लिहिलंय, 'दूरदृष्टीचे आबा'.

ते खोटं नाही. दूरचं त्यांना फार दिसायचं.
दाराआड उभं असलेलं माणूस दिसत नसे.

गोष्ट स्वातंत्र्याच्या आधीची. रिठदला आमचा पानमळा होता. सगळ्या घराची चूल त्याच्यावर पेटायची.

पानवेलीला मर लागली की अख्खा मळा बसतो. मुळं सडतात, वेल काळे पडतात, नवीन लावायला घरचं बेणंसुद्धा उरत नाही. धंदा संपला.

भासऱ्यांनी हे आधीच हेरलं. अनसिंगजवळ विहिरीसकट एक तुकडा घेतला आणि तिथं थोडे वेल लावले. विकायला नाही, राखायला. इथलं गेलं तर तिथून बेणं आणायचं.

लोक हसले. भासऱ्यांनी कोणाला भीक घातली नाही. एवढं त्यांचं मानते.

नात म्हणते, "आजी, आमच्या कंपनीत ह्याला बॅकअप म्हणतात. त्याचं वेगळं डिपार्टमेंट असतं."

असेल बाई. आमच्याकडे डिपार्टमेंट म्हणजे मी आणि माझा नवरा.

आमचं लग्न नवीन. मला कोणी विचारलं नाही. भासरे माझ्याशी थेट बोलतच नसत. मी दाराआड, आणि ते नवऱ्याकडे बघून बोलणार.

"तिले सांग, अनसिंगले राहा लागते."

"तिले सांग, अडचनीच्या चार दिवसांत मळ्यात पाय टाकाचा नाही. वेल करपते."

रिठदला हा नियम सोपा होता. घर भरलेलं. एकीची अडचण असली की दुसरी जायची.
अनसिंगला दुसरी कोण?

मर, गारपीट, आग, सगळ्याचा विचार केला त्या माणसानं. राखीव मळ्यात दोनच माणसं आहेत आणि त्यातली एक बाई आहे, हे काही त्यांच्या प्लॅनिंगमध्ये बसलं नाही.

ऐन उन्हाळ्यात नवऱ्याला हिवताप भरला. घोंगडीखाली कुडकुडत पडला.
त्याच दिवशी माझी अडचण आली.

पानवेलीला उन्हाळ्यात पाण्याचा खाडा चालत नाही. मी ओळखीच्या गाडीवानाबरोबर रिठदला निरोप धाडला, माणूस पाठवा म्हणून.

उलट निरोप आला. "मानूस भेटला की धाडतो. तवरिक तिले आत जाऊ देऊ नको."

माणूस आला नाही. पानांनी माना टाकल्या.

ते बेणं मेलं असतं तर सगळं माझ्या डोक्यावर आलं असतं. नवी सून, पांढऱ्या पायाची. आणि खरोखर रिठदला मर आली असती तर घरानं खायचं काय?

मी भर दुपारी पदर खोचला, दोर-बादली घेतली आणि फाटक उघडलं.

नवरा बाजेवरून ओरडला, "काय करून राह्यली व तू?"

"पानी घालून राह्यली."

"दादाले कळलं तं?"

"वेल मेले तं कळनार नाही काय त्याईले?"

त्यानं तोंडावरची घोंगडी खाली ओढली. म्हणाला, "पलीकडच्या ओळीले जरा जास्त घाल. तिकडून ऊन लागते."

त्या एका वाक्यासाठी त्या माणसाबरोबर मी जन्म काढला.

ताप उतरेपर्यंत रोज पाणी ओढलं. हाताची सालटं निघाली.
एकही वेल करपला नाही.

पुढं भासरे बघायला आले. पानं हातात घेऊन चाचपली, आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "सोवळं पाळलं तुमी, म्हनून वाचले."

मी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी. हसू होतं की रडू, आता आठवत नाही. राग मात्र आठवतो. तो अजून ताजा आहे.

त्याच पावसाळ्यात रिठदला मर आली. सगळा मळा बसला.

अनसिंगहून गाडी भरून बेणं गेलं. मळा पुन्हा उभा राहिला, चूल चालू राहिली, आणि गावोगाव भासऱ्यांच्या डोक्याचं कौतुक झालं. हातांचं नाव कोणी काढलं नाही.

नवरा होता तोवर मी त्याच्यासाठी गप्प बसले. भावाभावांत वाकडं नको म्हणून.

मग आज का बोलतेय?

कारण परवा भासऱ्यांच्या पणतवानं मळ्याच्या फाटकावर पाटी ठोकली. 'अडचणीतील महिलांना प्रवेश नाही.' स्वतःच्या बायकोला, एवढ्या शिकलेल्या पोरीला, बाहेर उन्हात उभं केलं. वर फोटो टाकला, 'परंपरा जपूया', हात जोडलेले इमोजी लावून.

जपा ना. पण आधी ऐका.

तुमच्या मळ्यातला एकूण एक वेल त्या बेण्याचा आहे, आणि त्या बेण्याला मी त्याच चार दिवसांत पाणी घातलंय.
आज फोटोपुढं ठेवलेला विडासुद्धा त्याच वेलाचा.

ही माफी नाही. मी कोणाची माफी मागत नाही.

पाटी काढा. नाहीतर सगळे वेल उपटून टाका.

भासरे, जन्मात तुम्ही माझ्याशी एक शब्द थेट बोलला नाहीत. आज मीच बोलले, चारचौघांत.
नमस्कार करते. डोक्यावर पदर नाही, तेवढं चालवून घ्या.