व्याह्यांचा शेवटचा नारळ

आमच्या व्याह्यांइतका रेल्वेवर जीव टाकणारा माणूस रेल्वे असलेल्या गावात सापडणार नाही. आमच्या जुन्नर-आंबेगावात रूळच नाहीत, त्यामुळे हे प्रेम अजून ताजं आहे. व्याही बोरी बुद्रुकचे, कांदा पिकवणारे. नव्या रेल्वेची मोजणी त्यांच्या रानातून झाली तेव्हा शेजाऱ्यांनी कपाळाला हात लावला आणि व्याह्यांनी मोजणीवाल्यांना जेवायला घातलं. मोजणीचा दगड भर वाफ्यात रोवला गेला. तेव्हापासून ते त्याला वळसा घालून नांगरतात आणि पोळ्याला बैलांबरोबर त्यालाही हळद-कुंकू लावतात. "गाडी आली की पयला नारळ माझा," असं त्यांनी गावाला बजावून ठेवलं होतं. रेल्वेच्या खालोखाल रॉकेट. कुठलंही रॉकेट उडायचं असलं की व्याही डोक्यावर टोपी घालून टीव्हीपुढे बसतात. एकदा ते पडद्यावर दिसेनासं झालं, तर हे अंगणात येऊन वर बघत उभे. "मामा, ते तिकडं समुद्रावर उडालंय," त्यांची सून, म्हणजे माझी मुलगी म्हणाली. "आसंल की. आभाळ येकच हाय," व्याही म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी टूम काढली, की जुनी रेल्वे बघत बघत थेट रॉकेटच्या गावाला जायचं. मी पडलो मुलीकडचा, नाही म्हणायची सोय नव्हती. गाडी जुन्नरच्या सलीमभाईंची. त्यांचं मसाल्याचं दुकान आहे आणि व्याह्यांशी जुनी दोस्ती. निघताना डिकीत बॅगा मावेनात, कारण तिथं आधीच नारळाचं पोतं विराजमान होतं. नारळ वाढवल्याशिवाय यंत्राचं तोंड बघायचं नाही, हा व्याह्यांचा नियम. मोटार असो की मळणीयंत्र.

"अहो, आपण केरळला चाललोय," मी म्हणालो.

"म्हनून काय झालं? पावणं रिकाम्या हातानं जात्यात व्हय?"

खंडाळ्याच्या घाटातल्या बंद पडलेल्या स्टेशनावर नारळ फुटला. नेरळच्या छोट्या इंजिनापुढे फुटला. पुढे वाटेत जिथं जुनं इंजिन मांडून ठेवलेलं दिसलं, तिथं गाडी थांबली. "राव, माझ्या पोटात आता खोबऱ्याची वखार झाली," सलीमभाई कर्नाटकातच कुरकुरू लागले.

रॉकेटचं गाव म्हणजे केरळातलं थुंबा. तिथं जुन्या चर्चमध्ये रॉकेटचं संग्रहालय आहे. दारावरच्या पहारेकऱ्यानं व्याह्यांचा नारळ अडवला, कानाशी हलवला आणि तोंड वाकडं करून हिंदीत म्हणाला, "ये तो पुराना है." व्याह्यांचा चेहरा एवढासा झाला. सलीमभाईंनी त्याला आमचा सगळा प्रवास सांगितला, तेव्हा त्यानं बाहेर रस्त्याकडेला फोडायला परवानगी दिली आणि स्वतःही एक तुकडा खाल्ला. आत रॉकेटचा भाग सायकलवरून नेतानाचा फोटो होता. व्याही त्याच्यापुढून हलेनात. "आमची वैरण बी आशीच येती की," ते हळूच म्हणाले.

परतताना पोत्यात एकच नारळ उरला होता. तो रानातल्या दगडासाठी, गाडी येईल त्या दिवसाचा. नारायणगावला चहाला थांबलो तेव्हा सलीमभाईंनी मोबाइलवरची बातमी वाचली आणि मोबाइल माझ्याकडे सरकवला. मग मीच वाचून दाखवली. आभाळातल्या लहरी ऐकणाऱ्या खोडदच्या दुर्बिणींना गाडीचा अडथळा होईल म्हणून रेल्वेचा मार्ग आमच्या भागातून हलणार होता. व्याही चिडतील, निदान एखादी शिवी हासडतील असं वाटलं. त्यांनी चहा संपवला. "दुर्बिणीवर कसं रागवायचं?" ते म्हणाले. "तिला आभाळ ऐकायचंय. मला बी तेच आवडतं."

मग त्यांनी गाडी रानाकडे घ्यायला लावली. नारळ घेऊन ते वाफ्यात उतरले आणि दगडापुढे उकिडवे बसले.

"व्याही, गाडी तर येणार नाही आता," मी म्हणालो.

"पर ह्यो तिच्याच नावानं हुबा व्हता न्हवं? आमी गावभर नारळ फोडत हिंडलो, आन ह्याला तसाच ठिवू?"

नारळ फुटला. खोबरं जरा खवट लागलं, पण सलीमभाईंनीसुद्धा मुकाट्यानं खाल्लं.

यंदाही व्याह्यांनी कांदा लावलाय. दगडाला वळसा घालूनच.