भागाबाईचा नाग

भागाबाईच्या परसात नाग राहतो, हे अख्ख्या सेक्टरला ठाऊक होतं. राहत नाही, हे मात्र दोघांनाच ठाऊक होतं. एक खुद्द भागाबाई आणि दुसरा तिचा नवरा केवलराम.

झालं असं, की भिलाईचा कारखाना उभा राहत असताना केवलराम तिथे खलाशी, म्हणजे अवजड सामान हलवणारा मजूर, म्हणून लागला आणि भंडाऱ्याकडची ही दोघं कामगारांच्या सेक्टरातल्या क्वार्टरात राहायला आली. बुलडोझरने सगळं रान सपाट केलं होतं, पण यांच्या परसातलं एक वारूळ कसं कोण जाणे वाचलं होतं. भागाबाईने त्याच्याभोवती वांगी लावली. शेतकऱ्याची लेक ती, हाताला माती लागल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. पण वांगी धरली रे धरली की चोरीला जात. शेवटी बाईने जवळच्या कोहका गावच्या शेतातून सापाची कात उचलून आणली, कुंपणावर टांगली आणि नळावर सहज सांगून टाकलं, की वारुळात नाग आहे, पण तो घरच्यांना काही करत नाही. तेव्हापासून वांगी शाबूत. वर नागपंचमीला सेक्टरभरच्या मराठी बायका लाह्या-दूध घेऊन तिच्याच दारात, कारण आसपास दुसरं वारूळच उरलं नव्हतं. भागाबाईचा तोरा काय विचारता!

तीन वर्षं अशी मजेत गेली. मग शेजारी रत्नमाला राहायला आली. तिचं बाळ नुकतं रांगायला लागलेलं, तिला नाग कसा चालणार? तिने कारखान्याच्या ऑफिसात अर्ज दिला आणि वारूळ खोदायला सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन तिथला मजूर दयाराम हजर झाला, तोही नेमका पंचमीला, बायकांची पूजा चाललेली असताना. वारूळ रिकामं निघालं तर वांगी जातीलच, पण नळावर तोंड दाखवायची सोय उरणार नाही. भागाबाईने पदर खोचला.

"दयारामभाऊ, आज पंचमी हाये. आज आमी घरात भाजी चिरत नाही, अन् तुमी जमीन खोदून राहिले?"

दयाराम इथल्याच गावचा. त्याने वारुळाला हात जोडले आणि उद्या येतो म्हणाला. संध्याकाळपर्यंत भागाबाईने उत्तर जुळवून ठेवलं: अपमान झाला म्हणून नाग रुसला आणि जुनवानीच्या रानात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडे जत्रा लोटली. दयारामने पहिला घाव घातला. भागाबाईने घसा खाकरला, "रुसला" म्हणायला तोंड उघडलं, आणि वारुळातून फणा वर आला. पाठोपाठ दुसरा. दयाराम सब्बल टाकून पळाला, बायका पळाल्या. भागाबाईला पळायचंच होतं, पण पाय जागचे हलेनात. दोन्ही नाग तिच्यापासून चार हातांवर डोलले आणि सावकाश वांग्यांच्या वाफ्यात शिरले.

बाई जागची हलली नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. रत्नमालाने लांबूनच हात जोडले, अर्ज मागे घेतला आणि आपल्या मागच्या दाराला पक्की कडी लावून घेतली. तीन वर्षं आपण त्याच वारुळाला पाठ टेकून भाजी निवडत होतो, हे आठवून भागाबाईला मात्र दोन दिवस ताप भरला.

तिसऱ्या दिवशी तिने केवलरामला हळूच वांगी तोडून आणायला सांगितलं.

"मले कावून धाडून राहिली?" तो म्हणाला. "नाग तुया हाये. तुले ओळखते."

त्या वर्षी झाडांवर वांगी पिकून पिवळी पडली, एकही चोरीला गेलं नाही. आणि भागाबाई दर आठवड्याला बाजारातून अर्धा शेर वांगी घेऊन, पदराखाली लपवत, लांबच्या वाटेने घरी येत असे.